लिनक्स पॅकेजांचे परस्परावलंबन

संगणकाच्या लिनक्स या परिचालन प्रणालीत आज्ञावली, तिच्या साहाय्यक फायली व माहितीपत्र यांचा एकत्रित गठ्ठा वितरित करतात. त्यास पॅकेज म्हणतात. एका पॅकेजला दुसऱ्याची, बहुधा त्यातील सामायिक लायब्ररीची (अनेक आज्ञावलींनी मिळून वापरावयाच्या आज्ञासंग्रहाची), विशिष्ट आवृत्ती लागते. हे अवलंबन होय. प्रणालीची आवृत्ती बदलताना ते तुटल्यास आज्ञावली सुरू होत नाही व पुढील पॅकेजेही बसविता येत नाहीत.

इतिहास : लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. 1993 मधील स्लॅकवेअर या वितरणात कोणते पॅकेज कशावर विसंबून आहे, हे वापरणाऱ्यानेच ध्यानात ठेवावे लागे. त्याच वर्षी इयान मरडॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पातील डीपीकेजी व 1995 मधील रेड हॅटचे आरपीएम या साधनांमुळे ही नोंद माहितीपत्रातच होऊ लागली. मात्र त्यांना उणीव दाखविता येई, भरून काढता येत नसे.

याची तीव्र जाणीव डेबियन 2.0 (1998) च्या वेळी झाली. सी भाषेची मूलभूत लायब्ररी पाचव्या आवृत्तीवरून सहावीवर नेताना पॅकेजांचा क्रम चुकल्यास, आज्ञा स्वीकारणारी बॅश ही आज्ञावलीच निकामी होण्याचा धोका होता. म्हणून योग्य क्रम पाळणारी स्वतंत्र आज्ञावली पुरवावी लागली. 1999 मध्ये डेबियन 2.1 बरोबर आलेले एपीटी हे साधन लागणारी पॅकेजे स्वतः शोधून योग्य क्रमाने बसवू लागले. आरपीएमवर आधारित वितरणांत हेच कार्य यम व पुढे डीएनएफ (फेडोरा 22, 2015) यांनी केले. सर्व अटी एकाच वेळी पाळणारा पॅकेजसंच शोधणे हा गणनदृष्ट्या अवघड प्रश्नांपैकी एक असल्याचे सिद्ध झाले असून, ओपनसूसे 11.0 (2008) मध्ये त्यासाठी तर्कशास्त्रीय पद्धती योजण्यात आली.

महाराष्ट्रातील वाचकाशी या विषयाचा संबंध दोन प्रकारे येतो. पुण्यात 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. तसेच डेबियन 5.0 (2009) पासून प्रतिष्ठापनेच्या सूचना मराठीतही मिळू लागल्या. दोंडाईचा (जि. धुळे) सारख्या गावी वीज किंवा जालजोडणी मध्येच खंडित झाल्यास आवृत्तीबदल अर्ध्यावर राहतो आणि काही पॅकेजे नवी, काही जुनी अशी स्थिती उद्‌भवते.

दुरुस्ती : प्रथम कागदपत्रांची प्रत अन्यत्र ठेवावी. डीपीकेजीकडून अर्धवट राहिलेल्या पॅकेजांची मांडणी पूर्ण करून घ्यावी. नंतर पॅकेजांच्या उगमस्थानांची यादी तपासावी. त्यातील सर्व नोंदी एकाच आवृत्तीच्या असाव्यात व बाहेरील उगमस्थाने तात्पुरती बंद ठेवावीत, कारण तुटलेल्या अवलंबनांचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. त्यानंतर यादी ताजी करून एपीटीला तुटलेली अवलंबने जुळविण्यास सांगावे. या वेळी साधन काही पॅकेजे काढून टाकण्याचे सुचविते. ती यादी वाचल्याखेरीज संमती देऊ नये. अटी डावलून बळाने पॅकेज बसविल्यास तक्रार तेवढी थांबते, दोष राहतो.

काही प्रसंगी साधनाचाही निरुपाय होतो. पायथन 2 या भाषेचे संगोपन 2020 च्या आरंभी थांबले व डेबियन 11 (2021) मधून तिची बहुतेक पॅकेजे वगळली गेली. तीवर लिहिलेली जुनी आज्ञावली नव्याने लिहिणे भागच होते. याउलट 2038 मध्ये 32 बिटी कालगणना संपुष्टात येणार असल्याने डेबियन 13 (2025) साठी अनेक लायब्रऱ्यांची नावे आधीच बदलून क्रम ठरविण्यात आला. अवलंबनाची स्मृती अशा रीतीने माणसाकडून यंत्राकडे गेली. काय राखावे व काय सोडावे, हा निर्णय मात्र माणसाकडेच राहिला आहे.