तीन आण्यांचे एकोणीस पैसे

१० रुपयांची नोट दिली, ७ रुपयांची पेन्सिल घेतली, परत किती? दुसरीतलं पोर सांगेल. आता १९५० सालच्या पोराचं गणित बघा. हातात पावली, म्हणजे चार आण्यांचं नाणं. दीड आण्याची खडीसाखर घेतली. परत किती?

मंडळी, कॅल्क्युलेटरला हात लावू नका. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयात ६४ पैसे, १९२ पै. (१६ आणि ६४ बघून आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना घरी आल्यासारखं वाटतं. चक्क हेक्साडेसिमल रुपया!)

उत्तर काढायची पद्धत साधी होती. दीड आण्यावर दोन पैसे ठेवले की दोन आणे झाले. त्यावर एक चवली, म्हणजे दोन आण्यांचं नाणं, ठेवली की पावली पुरी. अडीच आणे परत. वजाबाकी नाहीच, किमतीपासून दिलेल्या नाण्यापर्यंत चढत जायचं. चांगला दुकानदार अजूनही सुटे असेच मोजून हातावर ठेवतो.

या हिशेबासाठी पाढेही वेगळे होते. पावकी म्हणजे पावचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा, मग सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. 'औट घटकेचं राज्य' मधलं औट तेच. आपल्याला ही नावं आजोबांच्या फुशारकीतून माहीत, पण त्या पोरांना ती रोज बाजारात लागायची. अडीच आणे शेर असलेला गूळ दीड शेर घेतला, तर अडीच दिढे पावणेचार. पावणेचार आणे द्या आणि चला.

शिवाय शेराच्या छटाका १६ आणि रुपयाचे आणेही १६. म्हणून जितक्या रुपयांना शेर, तितक्याच आण्यांना छटाक. तीन रुपये शेर तूप असेल तर छटाकभर तुपाला तीन आणे. भागाकार करायचाच नाही! नाणी आणि वजनं एकमेकांना धरून होती, त्यामुळे नुसतं अर्धं आणि पाव करता आलं तरी पोराचा बाजार निभायचा. मला वाटतं या पद्धतीची खरी ताकद ही होती. पाठांतराचं कौतुक आपण उगाच जास्त करतो.

मग १९५५ साली नाण्यांचा कायदा बदलला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. तारीख बघून तेव्हाही लोक हसले असतील. असो.

अडचण अशी की जुनी नाणी एका रात्रीत गायब झाली नाहीत. काही काळ दोन्ही चालत होती. पावलीचे २५ नवे पैसे, अधेलीचे ५०, इथवर ठीक. पण एका आण्याचे? सव्वासहा. पाव पैशाचं नाणं नाही, म्हणून जवळचा पूर्ण आकडा धरायचा आणि बरोबर अर्धा आला तर सोडून द्यायचा. त्यामुळे एक आण्याचे ६, दोन आण्यांचे साडेबाराऐवजी १२, पण तीन आण्यांचे १९!

राउंडिंगचा बग म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. दिवसभरात सोळा वेळा एकेक आणा नव्या पैशांत मोडला तर हाती ९६, एकदम रुपया मोडला तर १००. उलट जुना एक पैसा (१.५६) मोडला की २ नवे पैसे यायचे, म्हणजे चार वेळा एकेक पैसा मोडणाऱ्याला ८ आणि आणा मोडणाऱ्याला ६. रुपयात व्यवहार करणाऱ्याला या फरकाचं काही वाटायचं कारण नव्हतं. आण्या-पैशाचं मीठ-मिरची आणायला निघालेल्या पोराला मात्र घरी आल्यावर विचारणारच, 'एक पैसा कुठे गेला?' आणि त्यानं दिलेलं खरं उत्तर आजीला पटणार कसं? तिच्या हिशेबात रुपयाचे चार समान भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा चार समान भाग व्हायचे. इथे दुसऱ्याच पायरीवर गाडी अडत होती.

नाणी पाडणाऱ्यांनी मात्र शिकणाऱ्याचा विचार केलेला दिसतो. एक नवा पैसा गोल, पाचाचं नाणं गोलसर कोपऱ्यांचं चौकोनी, दोनाचं आणि दहाचं नागमोडी कडेचं. वाचता येत नसलं तरी बोटांना कळावं असं. आणि वर हिंदीत अक्षरी: एकावर रुपयाचा शंभरावा भाग, पाचावर विसावा, दहावर दहावा. अपूर्णांकांचा अख्खा धडा मुठीत! 'नवा' हा शब्द १९६४ साली निघाला, तोवर एक पिढी दशमानात गुणाकार करायला शिकली होती.

बदल योग्यच होता, याबद्दल मला शंका नाही. १९२ पैंच्या रुपयात व्याजाचा हिशेब करून बघा, पटेल. पण घरातल्या मोठ्यांनी पोराला बाजारात शिकवायचं, ती साखळी तिथे तुटली. आजीची औटकी आणि नातवाचा दशांश चिन्हाचा गुणाकार यांच्यात बोलणंच होईना.

पावली, म्हणजे आपले चार आणे, ३० जून २०११ पासून कायदेशीर चलनातून गेली. पन्नास पैशांचं नाणं मात्र अजून कायद्यानं चालतं. म्हणजे आठ आणे अजून जिवंत आहेत. देऊन बघा कोपऱ्यावरच्या दुकानदाराला.