जहाजाच्या बरगड्या आणि सुताराचा हात

आमच्या गोंदिया जिल्ह्यास समुद्र शेकडो मैल दूर. तेव्हा सुतार समाजाच्या स्मरणिकेत जहाजाची कथा कशाला, असे कित्येक समाजबांधवांस वाटेल. परंतु पूर्वी जहाजही सुताराच्याच वाकसाखाली घडत असे.

वैनगंगेवरील डोंगा एकाच खोडातून कोरलेला असे. त्यास सांधाच नसल्याने निराळ्या हाडांची गरज नव्हती. मोठे जहाज मात्र शेकडो फळ्यांचे. लाटेच्या माथ्यावर त्याचे पोट उचलले गेले की दोन्ही टोके आपल्याच भाराने लोंबतात. दोन लाटांमध्ये सापडले की पोट खचते. अशा हेलकाव्यांनी सांधे उघडतात. म्हणून तळाशी लांब कणा, त्यावर आडव्या बरगड्या, दोन्ही बाजूंस जोडणाऱ्या तुळया, आणि तुळई व बरगडी यांच्या कोनात गुडघ्यासारखा वाकडा आधार.

या गुडघ्यातच सुताराची खरी कसोटी होती. सरळ लाकडातून बाक कापला तर आतील तंतू तुटतात आणि तो नेमका तेथेच चिरतो. म्हणून उपजतच वाकलेली फांदी हुडकावी लागे. लाकडी नांगराचे लाकूड निवडताना आपले वाडवडील दुसरे काय पाहत होते? व्यापारी ज्यास जळाऊ म्हणून फेकील, तेच लाकूड जहाज धरून ठेवी.

१७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्याच घराण्यातील जमशेटजी बोमनजी यांनी मलबारी सागाची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या तेलाने ते राखले जातात. ही नौका इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे! त्याच काळात तेथील रॉबर्ट सेपिंग्ज याने बरगड्यांवर तिरके आधार बसविले. फाटक लोंबू नये म्हणून आपण तिरकी पट्टी मारतो, तोच न्याय.

याहून जुनी रीत उलटी होती: आधी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवायच्या, बरगड्या मागाहून. अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून तशीच 'कौंडिण्य' नौका गोव्यात बांधली गेली व २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाली. ती केरळच्या कारागिरांनी शिवली, आणि त्यांचे प्रमुख बाबू शंकरन यांचे नाव या वेळी सरकारी पत्रकातही छापून आले.