स्टीम मॉप घ्यावा की स्पिन मॉप? आधी घरातली फरशी बघा, मग पाकीट काढा

दसरा-दिवाळीची साफसफाई जवळ आली की फरशी पुसायच्या साधनांची चौकशी वाढते. वाकून फडक्याने पुसणे आता अनेकांना झेपत नाही. त्यामुळे दुकानात दोन वस्तू हमखास समोर येतात. एक, बादलीत गरगर फिरवून पिळायचा स्पिन मॉप. दुसरी, विजेवर चालणारा, वाफ सोडणारा स्टीम मॉप. पहिला हजार-दीड हजारात मिळतो, दुसऱ्याला साधारण पाच ते दहा हजार मोजावे लागतात. महाग म्हणजे चांगला, असा हिशेब करून बरेच जण दुसरा उचलतात.

इथेच थोडे थांबायला हवे. दुकानातला डेमो गुळगुळीत टाइल्सवर असतो. आपल्याकडच्या घरांत पुढच्या खोलीत व्हिट्रिफाइड टाइल्स, स्वयंपाकघरात शहाबादी फरशी आणि मागच्या दारी कोबा, असा सगळा संसार एकाच छपराखाली असतो. एका फरशीला जे चालते ते दुसरीला बाधते. आणि खराब झालेली फरशी पुन्हा पॉलिश करायची म्हटली तर तो खर्च मॉपच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होतो.

दोघांचे काम कसे चालते?

स्पिन मॉपच्या गोल चकतीला मायक्रोफायबरच्या झिरमिळ्या असतात. बारीक तंतूंमुळे हे कापड साध्या सुती फडक्यापेक्षा धूळ जास्त धरून ठेवते. बादलीतल्या जाळीत मॉप ठेवून दांडा दाबला की जाळी जोरात फिरते आणि पाणी बाहेर फेकले जाते. हात ओले होत नाहीत, आणि किती पिळायचे हे आपल्या हातात राहते. पिळणे कमी-जास्त करता येणे ही याची सर्वात मोठी सोय आहे.

स्टीम मॉपमध्ये छोटी टाकी असते. तिच्यात साधारण अर्धा लिटर किंवा त्याहून कमी पाणी मावते. प्लग लावला की अर्ध्या-एक मिनिटात वाफ तयार होते आणि खालच्या कापडी पॅडमधून फरशीवर जाते. गरम वाफेने तेलकट, चिकट मळ सैल होतो आणि पॅड तो टिपून घेतो. फिनेल, साबण काही लागत नाही. एका टाकीत पंधरा-वीस मिनिटे काम होते.

एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. आधी झाडू मारल्याशिवाय काही उपयोग नाही. धुळीवर वाफ सोडली की तिचा चिखल होतो, आणि स्पिन मॉपने तोच चिखल घरभर फिरतो. केरसुणीची सुटी कुठल्याच मॉपमुळे होत नाही.

कुठल्या फरशीला काय चालते?

व्हिट्रिफाइड आणि सिरॅमिक टाइल्स: दोन्ही मॉप चालतात. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे वाफेने तिचे काही बिघडत नाही. टाइल्सच्या सांध्यांत बसलेला काळा मळ काढायला वाफ चांगली. मात्र सांध्यातले ग्राउट आधीच फुटलेले असेल तर ते आणखी सुटते. आधी ते भरून घ्यावे.

शहाबादी, कडप्पा, कोटा: शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या नावाने ओळखली जाते. आंध्रातला कडप्पा आणि राजस्थानातला कोटा हे तिचेच भाऊबंद, सगळे चुनखडीचे दगड. बेळगाव, हैदराबादकडे शहाबादी जास्त, तर इंदूर-ग्वाल्हेरकडे कोटा जास्त. हे दगड पाणी शोषतात, आणि त्यांची चमक बऱ्याचदा वरच्या मेणाच्या पॉलिशची असते. रोज गरम वाफ लागली की ते मेण उतरते आणि फरशी ठिकठिकाणी फिकी दिसू लागते. इथे घट्ट पिळलेला स्पिन मॉपच बरा.

मार्बल आणि मोझाइक: मोझाइकमध्ये सिमेंटात मार्बलचेच तुकडे असतात, म्हणून दोघांची प्रकृती एकच. पॉलिश टिकवायचे असेल तर वाफ टाळावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लिंबू, व्हिनेगर आणि बाथरूमचे ॲसिड या फरशीला कधीच लावू नये. आम्लाने मार्बल खाल्ला जातो आणि पडलेला डाग पुसून निघत नाही.

लाल कोबा: गोव्यातल्या आणि सीमाभागातल्या जुन्या घरांत हा अजून टिकून आहे. तेल-मेण लावून आणि वर्षानुवर्षे पुसून त्याला जी झाक येते, ती वाफेने जाते. तडे असतील तर त्यांत ओलावा मुरतो. इथे साधे पाणी आणि घट्ट पिळलेला मॉप एवढेच पुरे.

लाकडी आणि लॅमिनेट: नव्या फ्लॅटमध्ये बेडरूमला हल्ली असते. वाफ सांध्यांतून आत शिरते, फळी फुगते, कडा वर येतात. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत स्टीम मॉप वापरू नये असे लिहिलेले असते, म्हणजे नुकसान झाले तर भरपाईही नाही. स्पिन मॉपसुद्धा जवळजवळ कोरडा करूनच फिरवावा.

प्लग, इन्व्हर्टर आणि पाणी

स्टीम मॉप साधारण १,२०० ते १,५०० वॉटचा असतो. घरातला छोटा प्लग ६ ॲम्पिअरचा. २३० व्होल्टला त्यावर १,३८० वॉटपर्यंतच भार बसतो. म्हणजे १,५०० वॉटच्या यंत्राला १६ ॲम्पिअरचा मोठा प्लग हवा, जो बहुतेक घरांत गीझर, फ्रिज किंवा एसीपाशीच असतो. हॉलमध्ये तो आहे का, ते आधी बघा. स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डावर हे यंत्र चालवणे म्हणजे वायर तापवून घेणे. शिवाय पाणी आणि वीज एकत्र आहे, तेव्हा अर्थिंग नीट हवे. घरगुती छोट्या इन्व्हर्टरवर स्टीम मॉप चालत नाही, त्यामुळे लाइट गेली की काम अर्ध्यावर राहते.

पाण्याचेही तसेच. बोअरच्या जड पाण्यातले क्षार यंत्राच्या आत साचतात आणि वाफेचे भोक बुजते. पातेल्याच्या बुडाला जो पांढरा थर दिसतो, तोच मशीनमध्ये बसतो. टाकीत फिल्टरचे किंवा डिस्टिल्ड पाणी घालावे. आरओ मशीनमधून वाया जाणारे पाणी स्पिन मॉपच्या बादलीला चालते, स्टीम मॉपच्या टाकीत मात्र अजिबात घालू नये. काळ्या कडप्प्यावर त्या पाण्याचे पांढुरके ओघळ दिसतात, तिथे साधेच पाणी वापरा. टाकीत फिनेल किंवा सुवासिक द्रव ओतण्याचा मोह आवरा. कंपनीने मुभा दिलेली नसेल तर यंत्रही बिघडते आणि वाफेबरोबर तो द्रव नाकातोंडात जातो.

तांबडी माती आणि पावसाळा

बेळगाव, खानापूर, चंदगडपासून खाली गोव्यापर्यंत पावसाळ्यात घरात येते ती तांबडी माती. ओल्या चपलांचे ठसे पुसायचे तर पाणी बदलत राहावे लागते. स्टीम मॉपचे पॅड एका खोलीत लाल होते, मग ते काढून धुवा, दुसरे लावा. गरम पॅड लगेच हाताने काढताही येत नाही. चिखलाच्या दिवसांत स्पिन मॉप सरस ठरतो, मात्र दर दोन खोल्यांनंतर बादलीतले पाणी बदलायला हवे. गढूळ पाण्यात मॉप बुडवून पुढची खोली पुसली तर इकडची माती तिकडे, एवढेच होते.

उलट स्वयंपाकघरात फराळ तळून झाल्यावरचा तेलाचा थर, ओट्याखालची चिकट फरशी किंवा रांगत्या बाळाने सांडलेले दूध यांसाठी वाफ चांगले काम करते. म्हणजे स्टीम मॉप वाईट वस्तू नाही, फक्त तिची जागा ठरलेली आहे.

जंतू मरतात का?

जाहिरातीत ९९.९ टक्के जंतू मरतात असे लिहिलेले असते. उष्णतेने जंतू मरतात हे खरे, पण उष्णता एका जागी काही सेकंद टिकावी लागते. आपण पुसतो त्या वेगाने मॉप सरसर फिरवला तर फरशी तेवढी तापतच नाही. आकड्याचा फायदा हवा असेल तर कंपनीने सांगितले आहे तितके सेकंद मॉप एका जागी धरावा लागेल. सगळ्या घराला हे कोण करणार?

रोजच्या घराला झाडणे, स्वच्छ पाणी आणि कोरडी फरशी पुरेशी आहे. घरात कुणी आजारी असेल तर जंतुनाशक बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे पाण्यात घालून स्पिन मॉपने पुसता येते. एक काळजी मात्र घ्यावीच: ब्लीच आणि बाथरूमचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. दोन्ही मिसळले की क्लोरिन वायू तयार होतो आणि बंद जागेत तो जिवावर बेततो. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही हे नीट सांगून ठेवा, कारण बाटल्या बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असतात.

तीन वर्षांचा हिशेब

दर गावोगाव वेगळे असतात, म्हणून उदाहरणादाखल गोल आकडे धरूया.

स्पिन मॉप: किंमत १,५०० रुपये. दर चार महिन्यांनी नवा गुच्छ धरला तर तीन वर्षांत ९ लागतात. २ सेटबरोबर आले, राहिले ७. प्रत्येकी ३०० प्रमाणे २,१०० रुपये. फिनेलला महिना १०० धरले तर ३,६००. एकूण ७,२०० रुपये, म्हणजे महिन्याला २००.

स्टीम मॉप: किंमत ८,००० रुपये. जादा पॅड १,२००. १,५०० वॉटचे यंत्र रोज २० मिनिटे चालले तर अर्धा युनिट, महिन्याला १५ युनिट. ८ रुपये युनिट धरल्यास महिना १२० आणि तीन वर्षांत ४,३२०. एकूण १३,५२०, म्हणजे महिन्याला साधारण ३७५ रुपये.

फरक महिन्याला पावणेदोनशेचा. फिनेल वाचले तरी वीज ते खाऊन टाकते. कर्नाटकातल्या गृहज्योती योजनेत असलेल्यांनी आणखी एक बघावे. मोफत विजेला २०० युनिटांची मर्यादा आहे, ती ओलांडली की त्या महिन्याचे पूर्ण बिल येते. जे कुटुंब १९० च्या आसपास असते, त्याला हे १५ युनिट महागात पडू शकतात.

पुसणाऱ्याचा विचार

उकिडवे बसून फरशी पुसली की गुडघे आणि कंबर दुखतात. दांड्याचा मॉप घ्यायचा तो मुख्यतः यासाठी. या बाबतीत दोन्ही चालतात, पण वजनात फरक आहे. स्टीम मॉप दोन-अडीच किलोचा असतो, ते वजन हातातच राहते आणि मागे वायर सांभाळावी लागते. स्पिन मॉपचा दांडा हलका, पण भरलेली बादली उचलणे जड. म्हणून चाके असलेली आणि तळाला पाणी सोडायचे बूच असलेली बादली घ्यावी. वयस्कर माणसांना पायाने दाबायच्या पेडलपेक्षा हाताने दाबायचा दांडा सोपा पडतो. पलंग आणि कपाटाखाली स्पिन मॉपची चकती आडवी होऊन सहज जाते. बऱ्याच स्टीम मॉपचे धड आडवे होत नाही.

घरात लहान मुले असतील तर वाफ चालू असताना त्यांना दूर ठेवा. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षाही वाईट असतो. टाकी भरताना प्लग काढलेला हवा.

घेताना काय बघावे?

सीमाभागातले लोक खरेदीला सगळीकडे जातात. चंदगडचे बेळगावला, बेळगावचे कोल्हापूरला किंवा गोव्याला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू असल्याने एकाच वस्तूवरचा कर सगळ्या राज्यांत सारखाच आहे. त्यामुळे पलीकडच्या राज्यात कर कमी पडतो, हा जुना समज आता सोडून द्यावा. फरक पडलाच तर तो दुकानदाराच्या सवलतीचा. पक्के बिल मात्र घ्याच. स्टीम मॉप घेत असाल तर आपल्या पिनकोडला त्या कंपनीची सेवा मिळते का, ते पैसे देण्याआधी विचारा. नाहीतर वॉरंटी कागदावर आणि यंत्र पार्सल करून दूरच्या शहरात, अशी गत होते. स्पिन मॉपचे गुच्छ आपल्या बाजारात सुटे मिळतात का, हेही बघून घ्या. कंपनीगणिक चकतीचे माप बदलते.

मग घ्यावे काय?

घरात शहाबादी, कोटा, मार्बल, मोझाइक किंवा कोबा असेल, बोअरचे पाणी असेल, लाइटचा भरवसा नसेल, तर डोळे झाकून स्पिन मॉप घ्या. सगळ्या घराला व्हिट्रिफाइड टाइल्स असतील, १६ ॲम्पिअरचे प्लग हाताशी असतील आणि फिनेलच्या वासाचा कुणाला त्रास होत असेल, तर स्टीम मॉप कामाचा आहे. तरीही रोजच्यासाठी स्पिन आणि आठवड्यातून एकदा स्वयंपाकघराला स्टीम, हीच वाटणी परवडते.

आणि जो घ्याल त्याचे कापड रोज धुऊन उन्हात वाळत घाला. ओला गुच्छ बादलीतच ठेवला की दुसऱ्या दिवशी घराला कुबट वास येतो.