सेकंदात फ्रेम्स किती?

मूकपटांतील माणसे इतकी घाईत का असतात, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना कधी ना कधी पडला असेल. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'मधील (१९१९) बाळकृष्ण असो, वा 'द बॅटल ऑफ द सोम'मधील (१९१६) खंदकाकडे निघालेले ब्रिटिश सैनिक असोत, त्यांच्या हालचालींत पुष्कळदा एक यांत्रिक लगबग दिसते आणि आपल्याला हसू येते. युद्धावर निघालेल्या माणसाला हसण्याची पाळी आपल्यावर यावी, याच्या मुळाशी एक साधा भागाकार आहे.

मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवला जाई. सेकंदाला सुमारे सोळा फ्रेम्स हा ढोबळ संकेत. प्रत्यक्षात वेग छायाचित्रकाराच्या मनगटावर अवलंबून असे. शिवाय चित्रगृहात पट पुष्कळदा चित्रणापेक्षा अधिक वेगाने दाखवला जाई. मूकपटांचा 'खरा' वेग कोणता, या प्रश्नाला केव्हिन ब्राउनलो यांनी १९८० साली तपशीलवार हात घातला, तेव्हा एकच एक उत्तर नाही हेच स्पष्ट झाले.

ही मोकळीक बोलपटाने संपवली. चित्राच्या वेगातील लहानसा फरक डोळा खपवून घेतो. कान मात्र स्वर हलला की तत्काळ ओळखतो. त्यामुळे विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात मिनिटाला नव्वद फूट, म्हणजे सेकंदाला चोवीस फ्रेम्स, हा वेग कायम झाला. सोळाच्या वेगाने टिपलेला पंधरा मिनिटांचा प्रसंग चोवीसच्या वेगाने दाखवला, तर दहा मिनिटांत उरकतो. पूर्वजांची ती लगबग त्यांची नव्हे, आपल्या यंत्राची आहे.

दूरचित्रवाणीने गुंता वाढवला. तिचा वेग विजेच्या वारंवारतेशी बांधला गेला: पन्नास हर्ट्झच्या ब्रिटनमध्ये पंचवीस फ्रेम्स, साठ हर्ट्झच्या अमेरिकेत तीस. १९५३ साली अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाचे मानक ठरले, तेव्हा रंगाचा संकेत ध्वनीच्या संकेतात अडथळा आणू नये आणि घरोघरचे कृष्णधवल संचही निरुपयोगी ठरू नयेत, म्हणून तीसचा वेग एक हजार एकांशाने घटवण्यात आला. त्यातून २९.९७ हा विचित्र आकडा जन्मला. भारताने पन्नास हर्ट्झची वाट धरली. या पद्धतीत चोवीसचा चित्रपट सहसा पंचवीसच्याच वेगाने सोडला जाई: तासाभराचा मजकूर सत्तावन्न मिनिटे छत्तीस सेकंदांत संपे, आणि गाण्याची पट्टी अर्ध्या स्वराच्या सुमारे सत्तर टक्क्यांनी वर चढे.

संगणकावर संकलन करणाऱ्याला आज हाच इतिहास 'दोष' म्हणून भेटतो. ओठ आणि शब्द जुळत नाहीत. अशा वेळी फरक मोजावा. तो सुरुवातीपासून अखेरपर्यंत सारखाच असेल, तर ध्वनी केवळ मागेपुढे सरकला आहे. तो सतत वाढत असेल, तर वेगाचा घोळ आहे. तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडला, तर १९५३ची ती तडजोड समोर आहे. दोन मिनिटे चोवीस सेकंदांचा पडला, तर चोवीस आणि पंचवीस यांची गल्लत आहे. जुन्या हस्तलिखितातील लेखनिकाच्या चुकांवरून त्याचा प्रवास कळावा, तसा या चुकीवरून पटाचा प्रवास कळतो.

दुरुस्तीचे मार्ग दोन. मूळ फ्रेम्स तशाच ठेवून त्यांचा वेग बदलावा. किंवा वेळ कायम ठेवून फ्रेम्स गाळाव्या, दुणाव्या वा नव्या रचाव्या. पहिल्या मार्गात कालावधी आणि त्यासोबत ध्वनी बदलतो, दुसऱ्यात पुरावा. पीटर जॅक्सन यांनी 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड'मध्ये (२०१८) पहिल्या महायुद्धाच्या चित्रणाला संगणकाने रचलेल्या फ्रेम्सची जोड दिली. सैनिक माणसांसारखे चालू लागले, आणि हसू थांबले. हे यश थोडे नाही. पण दोन खऱ्या क्षणांमध्ये बसवलेला तिसरा क्षण कोणत्याही कॅमेऱ्याने पाहिलेला नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून असे संस्करण करणाऱ्याने मूळ प्रत अबाधित ठेवावी आणि आपण काय बदलले याची नोंद करावी. पाठचिकित्सेत ही शिस्त जुनीच आहे. कवीच्या ओळीत अक्षर भरताना आपण कंस घालतो. काळाच्या ओळीत क्षण भरताना तो का गाळावा?