चॉकलेट सलामी : पोर्तुगालच्या एका घरगुती गोडाचा इतिहास

चॉकलेट सलामी हा पोर्तुगालमधील घरोघरी होणारा, भट्टी न लावता केला जाणारा गोड पदार्थ आहे. सलामी म्हणजे खारवून वाळवलेल्या मांसाचे सॉसेज. या पदार्थाचा आकार तसाच लांबट गोल असतो आणि कापल्यावर गडद चकतीत बिस्किटांचे फिकट तुकडे चरबीच्या ठिपक्यांसारखे दिसतात. मांस मात्र त्यात नावालाही नसते. इटलीतही हा पदार्थ आवडीने केला जातो.

कोको आणि बिस्किटे या दोन जिनसा कारखान्यांतून स्वस्तात मिळू लागल्यावरच असा पदार्थ सामान्य घरांत शक्य झाला. 1828 मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन हाउटेन यांनी कोकोतील स्निग्धांश दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यातून कोको पावडर मिळू लागली. त्याच शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून कोकोची लागवड साओ तोमे आणि प्रिन्सिप या आफ्रिकी बेटांवर नेली. विसाव्या शतकाच्या आरंभी ही चिमुकली बेटे जगातील प्रमुख कोको-उत्पादकांत गणली जात. या भरभराटीची किंमत मजुरांनी मोजली. 1875 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, तरी अंगोलातून करारावर आणलेल्या बहुतेकांना मायदेशी परतता येत नसे. अखेर 1909 मध्ये कॅडबरीसह काही ब्रिटिश कंपन्यांनी तेथील कोको घेणे थांबवले. पोर्तुगीज गोडाचा इतिहास या सक्तीच्या श्रमाला वगळून सांगता येत नाही.

बिस्किटे मारिया जातीची, म्हणजे भारतात मारी म्हणून ओळखली जाणारी. लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने ती 1874 मध्ये रशियाची राजकन्या मारिया आणि व्हिक्टोरिया राणीचा मुलगा आल्फ्रेड यांच्या विवाहानिमित्त काढली. पुढे स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ती रोजच्या खाण्यातली झाली.

भाजण्याचे काम बिस्किटाच्या कारखान्यातच उरकलेले असल्याने घरी उरते ते कालवणे आणि गारवणे. मऊ लोणी साखरेबरोबर फेसून त्यात अंडे आणि कोको किंवा वितळवलेले चॉकलेट घालतात. काही घरांत चमचाभर पोर्ट वाइनही पडते. बिस्किटे हाताने मोडतात, भुगा होऊ देत नाहीत, नाहीतर चकतीतले ठिपके हरवतात. मिश्रण कागदात घट्ट गुंडाळून काही तास फ्रिजमध्ये ठेवले की लोणी गोठते आणि वळकटी सुरीने नीट कापता येते. अंडे कच्चेच राहत असल्याने ते पाश्चराइज केलेले घ्यावे किंवा वगळावे.