नीरेकाठचा घोडा आणि शर्यतीचे घड्याळ

माळशिरस तालुक्याच्या उत्तरेस नीरा वाहते आणि नरसिंहपुराजवळ ती भीमेस मिळते. या दोन नद्यांच्या थडीवरील तट्टू काटक, अल्पाहारी आणि मजल दरमजल न थकणारे म्हणून मराठी फौजेत नावाजलेले होते. त्याची पारख करताना ते किती वेळात किती धावते, हा प्रश्न गौणच असे. घेणारा दात पाहून वय ठरवी, गळ्याशी देवमणाचा शुभ भोवरा आहे की कोठे गोमेचा अशुभ भोवरा लपला आहे हे चाचपून घेई, आणि रवाळ चालीत पोटातले पाणी हलत नसेल तर घासाघीस आटोपती घेई. आजही अकलूजच्या घोडेबाजारात पंजाब-राजस्थानचे उमदे जनावर येते, तेव्हा गिऱ्हाइकाची नजर कान, उंची आणि चाल यांवरच खिळते. मनगटावरचे घड्याळ फार तर बाजार उठण्याची वेळ सांगते.

घड्याळाचा अंमल बसला तो पुण्याच्या लष्करी मैदानावर आणि मुंबईत, जेथील शर्यती 1883 साली भायखळ्याहून महालक्ष्मीस गेल्या. उत्तम व मध्यम घोडे एकत्र धावावेत आणि तरीही निकाल अनिश्चित राहावा, म्हणून सरस घोड्याच्या पाठीवर अधिक वजन लादण्याची जी तजवीज, तीस हँडिकॅप म्हणतात. इंग्लंडात 1855 पासून हे काम पाहणारे अ‍ॅडमिरल रूस यांचे वयानुसार वजनाचे कोष्टक पुढील साऱ्या कोष्टकांचे मूळ ठरले.

वजन ठरविणारा अधिकारी घोड्यात जे हेरतो, ते पैज लावणाऱ्यास त्याच्याआधी हेरावयाचे असते. पहाटेच्या सरावात कोणी 600 मीटर किती सेकंदांत कापले, हे वर्तमानपत्रांत छापून येते. परंतु नुसता वेळ फसवा. समजा, कोरड्या मैदानावर एका घोड्याने 1200 मीटर 71 सेकंदांत कापले आणि पुढील आठवड्यात पावसाने भिजलेल्या हिरवळीवर दुसऱ्यास 73 लागले, तर दुसरा मंद असे समजणारा आपली रक्कम बुकीच्या गल्ल्यात घालतो. त्या दिवसाच्या साऱ्या शर्यती त्या त्या प्रतीच्या घोड्यांच्या नेहमीच्या वेळेशी ताडून मैदानच तीन सेकंद जड होते असे निघाले, तर तो दुसराच एका सेकंदाने सरस. आणि सेकंदाचा पाचवा हिस्सा म्हणजे घोड्याची एक लांबी, हा जुना अदमास धरला, तर पाच लांब्यांनी. अमेरिकेत अँड्र्यू बायर यांनी 1975 साली ग्रंथ लिहून हाच हिशेब लोकांपुढे मांडला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ ठरविली खरी. रिकाम्या खिशांनी परतणारी गर्दी पाहता ते कौशल्य फार थोड्यांच्या वाट्यास आलेले दिसते.

माळशिरसकडे घोडा भरधाव सुटतो तो आषाढी वारीच्या वाटेवर, पुरंदावड्याच्या रिंगणात. अंकलीच्या शितोळे सरदारांचे दोन अश्व. एकावर पताकाधारी स्वार, दुसरा ज्ञानेश्वर माउलींचा म्हणून मोकळ्या पाठीचा. रूस यांच्या कोष्टकाने ही शर्यत सरळ अन्यायाची ठरेल. पण येथे पैजेचा विषयच निघत नाही, लोक टापांखालची माती कपाळी लावण्यास धावतात.

सेकंदांचा खरा वाद रंगतो पुणे जिल्ह्यातील बैलगाडा शर्यतींच्या घाटांत, म्हणजे चढाच्या धावपट्ट्यांवर, जेथे एकेक गाडा स्वतंत्रपणे सोडून वेळ मोजतात. घाटाघाटाचा चढ आणि माती निराळी, त्यामुळे एका घाटाचे सेकंद दुसरीकडे सांगितले की गाडामालक हातघाईवर येतात.