रिबूटनंतरही सॉफ्टवेअर टिकावे यासाठी...

दिवाळीच्या चार दिवसांच्या सुटीनंतर गोदाम उघडते. मालाची नोंद घेणारे, बारकोड वाचणारे हँडहेल्ड यंत्र कोणीतरी चार्जरवर लावायचे विसरलेले असते. बॅटरी भरून यंत्र सुरू केले, तर पडद्यावर मधोमध एक अधिकचे चिन्ह येते आणि लेखणीने त्यावर टेकवण्याची सूचना दिसते. जुन्या विंडोज सीई यंत्रांची सवय असलेल्या माणसाला एवढ्यावरूनच पुढचे कळून चुकते. पडद्याची जुळणी पुन्हा मागितली जाते आहे, याचा अर्थ यंत्र कारखान्यातून आल्यासारखे कोरे झाले आहे. नोंदणीचे सॉफ्टवेअर गेले, छपाईयंत्राची जोडणी गेली आणि सुटीपूर्वीची मोजणी संगणकावर उतरवली नसेल तर तीही गेली.

हा बिघाड नव्हे. या यंत्रांची रचनाच तशी आहे. घरातल्या संगणकाला हार्ड डिस्क असते, त्यामुळे वीज गेली तरी त्यावरचे सॉफ्टवेअर जागच्या जागी राहते. २००० च्या सुमारास आलेल्या पॉकेट पीसी आणि विंडोज सीई यंत्रांत मात्र ऑपरेटिंग सिस्टिम तेवढी रॉममध्ये पक्की बसवलेली असे. नंतर भरलेली प्रोग्रॅम, फाइली आणि यंत्राच्या साऱ्या मांडणीची वही म्हणता येईल अशी रजिस्ट्री, हे सर्व रॅममध्ये राहात असे. रॅमला सतत वीज लागते. यंत्र 'बंद' केल्यावरही ते खऱ्या अर्थाने बंद होत नसे, झोपलेल्या अवस्थेत रॅम जिवंत ठेवत असे. मुख्य बॅटरी काढली तर छोटी राखीव बॅटरी थोडा वेळ सांभाळून घेई. दोन्ही संपल्या की पाटी कोरी.

म्हणूनच 'रिबूट' या एका शब्दाने या यंत्रांत भागत नाही. वॉर्म बूटमध्ये चालू प्रोग्रॅम बंद पडतात, पण रॅममधला साठा शाबूत राहतो. कोल्ड बूटमध्ये तो साठाच पुसून नव्याने बांधला जातो. सिंबॉल कंपनीच्या एमसी ३००० मालिकेत पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरले की वॉर्म बूट होतो. त्याबरोबर १ आणि ९ हे आकडेही दाबले की कोल्ड बूट. यंत्र अडकले की 'सगळी बटणे दाबून पाहा' असा सल्ला देणाऱ्यांना हा फरक बहुधा ठाऊक नसतो.

उत्पादकांनाही ही अडचण माहीत होती. विंडोज मोबाइल ५.० च्या आधीच्या यंत्रांत काम थांबल्यावरही रॅम सुमारे ७२ तास तग धरावी म्हणून बॅटरीचा बराच भाग राखून ठेवावा लागे. कॉम्पॅकच्या आयपॅक मालिकेत फ्लॅश रॉममध्ये उरलेली जागा 'आयपॅक फाइल स्टोअर' नावाच्या फोल्डरच्या रूपाने वापरायला दिली गेली. तेथे ठेवलेले हार्ड रिसेटनंतरही टिकत असे. पामने २००४ मध्ये टंगस्टन टी५ आणि ट्रिओ ६५० मध्ये वीज गेली तरी न पुसली जाणारी स्मृती आणली. मे २००५ मध्ये जाहीर झालेल्या विंडोज मोबाइल ५.० ने फाइली आणि रजिस्ट्री फ्लॅशमध्ये नेली, आणि बॅटरी संपल्याने सर्व जाण्याची भीती त्या घराण्यापुरती संपली. कारखान्याच्या मूळ स्थितीत नेणारा हार्ड रिसेट मात्र तेथेही सर्व पुसतोच.

औद्योगिक वापराच्या यंत्रांनी वेगळा मार्ग काढला आणि तो समजून घेण्यासारखा आहे. सिंबॉलच्या विंडोज सीई यंत्रांत 'ॲप्लिकेशन' नावाचे एक फोल्डर दिसते. दिसायला ते इतरांसारखेच, पण ते फ्लॅशमध्ये असल्याने कोल्ड बूटमध्ये पुसले जात नाही. सॉफ्टवेअर या फोल्डरमध्ये ठेवले म्हणजे काम झाले, असे अनेकांना वाटते. प्रोग्रॅमची फाइल टिकते हे खरे. पण तिच्या रजिस्ट्रीतील नोंदी, विंडोज फोल्डरमध्ये गेलेल्या साहाय्यक फाइली आणि मेनूतले चिन्ह रॅममध्येच होते, ते गेलेले असते. बिऱ्हाडाच्या भिंती उभ्या आहेत, पण चूल नाही, अशी ही अवस्था.

त्यावरचा उपाय म्हणजे दर कोल्ड बूटला यंत्राने स्वतःच संसार पुन्हा मांडावा अशी सोय करणे. त्यासाठी या यंत्रांत दोन घटक आहेत. 'रेगमर्ज' हा बूट होण्याच्या अगदी आरंभी चालतो, 'ॲप्लिकेशन' फोल्डरमधील 'रेग' विस्तारनामाच्या फाइली शोधतो आणि त्यांतील नोंदी रॅममधल्या ताज्या रजिस्ट्रीत मिसळतो. 'कॉपीफाइल्स' हा दुसरा घटक 'सीपीवाय' विस्तारनामाच्या फाइली वाचतो. ही साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक ओळीत आधी मूळ फाइलचा पत्ता, मग 'पेक्षा मोठे' हे गणिती चिन्ह आणि त्यापुढे ती जेथे न्यायची तो पत्ता. यंत्र सुरू होताच प्रोग्रॅम आपोआप उघडावा असे असेल तर त्याचा शॉर्टकट 'ॲप्लिकेशन'मध्ये ठेवून विंडोजमधील 'स्टार्टअप' फोल्डरमध्ये नेणारी एक ओळ पुरते. सीईमधला शॉर्टकटही मजकुराचीच फाइल असतो: एक आकडा, हॅशचे चिन्ह, मग प्रोग्रॅमचा पत्ता. आकडा म्हणजे पुढच्या अक्षरांची संख्या. प्रोग्रॅमच्या डीएलएल फाइली त्याच्याच शेजारी ठेवल्या तर नक्कल करण्याच्या ओळी बऱ्याच कमी होतात, कारण सीई त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्येही शोधते.

रजिस्ट्रीच्या नोंदी हाताने जमवणे किचकट वाटत असेल, तर मूळ कॅब फाइल फ्लॅशमध्ये ठेवून कोल्ड बूटनंतर ती पुन्हा चालवता येते. येथे एक फसगत हमखास होते. पॉकेट पीसीवर कॅब फाइल टिचकीने चालवली की सॉफ्टवेअर बसते आणि कॅब फाइल पुसली जाते! पहिल्या वेळी सर्व सुरळीत होते आणि दुसऱ्या कोल्ड बूटला बसवायला काहीच उरत नाही. फाइलला 'केवळ वाचनासाठी' हा गुणधर्म दिला की ती वाचते. डॉट नेट कॉम्पॅक्ट फ्रेमवर्कवर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी त्या फ्रेमवर्कची कॅबही जवळ हवी. विंडोज मोबाइल २००३ च्या रॉममध्ये फ्रेमवर्कची १.० ही आवृत्ती होती, प्रोग्रॅमला २.० लागत असेल तर ती रॅममध्ये बसलेली असणार, म्हणजे तीही जाणार.

फ्लॅशचे फोल्डर नसलेल्या यंत्रांत मेमरी कार्डाचा आधार घेतात. कार्डावर '२५७७' नावाचे फोल्डर, नाव इंग्रजी अंकांतच, आणि त्यात 'ऑटोरन' हा प्रोग्रॅम ठेवला की स्ट्राँगआर्म जातीच्या पॉकेट पीसीत कार्ड घालताच तो चालतो. हा आकडा त्या प्रोसेसरची ओळख आहे. या सोयीच्या जोरावर बसवण्याचे सारे काम एका कार्डावर सोपवता येते. मात्र प्रोग्रॅम कायम कार्डावरूनच चालवणे धोक्याचे. यंत्र झोपेतून जागे होताना कार्ड क्षणभर नाहीसे होऊन पुन्हा जोडले जाते आणि तेवढ्यात प्रोग्रॅम कोलमडू शकतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे, कार्ड अजून जोडले गेलेले नसताना प्रोग्रॅमने 'स्टोरेज कार्ड' नावाचे फोल्डर स्वतःच निर्माण केले, तर ते रॅममध्ये तयार होते. खरे कार्ड मग 'स्टोरेज कार्ड२' या नावाने जोडले जाते. नोंदी कार्डावर सुरक्षित आहेत अशा समजुतीत काम चालू राहते. प्रत्यक्षात त्या रॅममध्ये साठत असतात.

रजिस्ट्री फ्लॅशवर जपणाऱ्या सीई यंत्रांतही सावधगिरी हवी. बदल काही काळ रॅममध्ये राहून मग फ्लॅशवर लिहिले जाऊ शकतात. एखादी मांडणी बदलून लगेच यंत्र रिसेट केले तर तो बदल हरवू शकतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने 'रेगफ्लशकी' ही आज्ञा वापरणे हा त्यावरचा मार्ग. घड्याळाचेही असेच. कोल्ड बूटनंतर अनेक यंत्रांची तारीख मागे जाते. सॉफ्टवेअर आपोआप परत उभे राहिले आणि तारीख कोणी पाहिली नाही, तर दिवसभराचा माल काही वर्षांपूर्वीच्या तारखेने नोंदला जातो.

सर्व जुळवल्यावर चाचणी एकच: नोंदी उतरवून घेऊन एका यंत्राचा मुद्दाम कोल्ड बूट करणे, आणि एकदा नव्हे, दोनदा. कॅब फाइल पुसली जाण्याची चूक दुसऱ्याच वेळी उघड होते. ते यंत्र नीट उभे राहिले, की मगच तीच फोल्डरे बाकीच्या यंत्रांत भरावीत.

अशी यंत्रे अजून वापरात ठेवणाऱ्यांनी मूळ कॅब फाइली, परवान्याचे आकडे आणि 'ॲप्लिकेशन' फोल्डरची प्रत संगणकावर आजच उतरवून ठेवणे इष्ट. सिंबॉल २००७ मध्ये मोटोरोलाकडे आणि तो व्यवसाय पुढे २०१४ मध्ये झेब्राकडे गेला. विंडोज एम्बेडेड हँडहेल्ड ६.५ ला मायक्रोसॉफ्टचे साहाय्य जानेवारी २०२० मध्ये थांबले, तर सीई घराण्यातील शेवटच्या, एम्बेडेड कॉम्पॅक्ट २०१३ चे ऑक्टोबर २०२३ मध्ये. ॲक्टिव्हसिंक ४.५ विंडोज एक्सपीपुरते होते. त्याच्या जागी आलेले विंडोज मोबाइल डिव्हाइस सेंटर विंडोज १० वर खटपटीनेच चालते. त्यामुळे एक्सपी असलेला एखादा जुना संगणक भंगारात न काढता या कामासाठी राखून ठेवलेला बरा.